पहूरहून न्यूयॉर्क, मार्गे कळसूबाई

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. तरीही मुंबईहून अमेरिकेला निघालेला प्रत्येक माणूस, गुडघ्यांमुळे घराचा जिना चढवत नाही अशा आजीसकट, कळसूबाईपेक्षा उंच जाऊन तिथे पंधरा तास बसतो. जेवतो, झोपतो, सिनेमा पाहतो आणि उतरल्यावर त्याला ठाऊकही नसतं.

विमान किती उंचावरून उडतं, ते मी सांगत नाहीये. ते तर अकरा किलोमीटरच्या आसपास, एव्हरेस्टलाही खाली टाकून जातं. मी बोलतोय ते विमानाच्या आतल्या हवेबद्दल. दार लागून पट्टा बांधून बसलेल्या माणसाच्या छातीला आणि कानाला जी हवा लागते, ती समुद्रकाठची नसते. नियम असा की आतला हवेचा दाब फार तर ८००० फुटांवरच्या डोंगराइतका विरळ असावा, त्याहून विरळ नको. ८००० फूट म्हणजे २४३८ मीटर, म्हणजे उटीच्याही वर. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत हा आकडा ६००० फुटांच्या आसपास ठेवतात. ते झाले १८३० मीटर. कळसूबाई तरीही खालीच राहिली.

पहूर हे जामनेर तालुक्यातलं मोठं गाव. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे इथे येते, आणि जळगावहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ताही गावातूनच जातो. पाचोरा–जामनेर या ५६ किलोमीटरच्या नॅरोगेजवरचं, म्हणजे आपल्या ‘पीजे’वरचं हे स्टेशन, ती गाडी करोनाच्या टाळेबंदीत थांबली. या टापूतली पोरं पुण्या-मुंबईला शिकून न्यू जर्सी नाही तर टेक्सासला पोचतात, आणि मग एके दिवशी लेकीच्या बाळंतपणासाठी आई-आप्पांची तिकिटं येतात. घरात बॅगा भरायची धांदल उडते. बिबड्या, कुरडया, मेथीचे लाडू, काळा मसाला. वजनकाट्यावर बॅग दहादा चढते आणि उतरते, कारण तेवीस किलोच्या वर शंभर ग्रॅमही चालणार नाहीत अशी सगळ्यांची खात्री असते. बॅगेची एवढी काळजी घेणाऱ्या घरात त्या प्रवासात शरीराचं काय होणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. विचारायला हवं, कारण जे होतं ते थक्क करणारं आहे.

बाहेरून सुरुवात करू. अकरा किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी असतो आणि तापमान उणे पन्नास अंशांच्याही खाली. तिथे उघड्यावर ठेवलेल्या माणसाची शुद्ध मिनिटाभरातच हरपेल. आपण त्या जागेपासून हाताच्या अंतरावर बसून वरण-भात खात असतो. मध्ये फक्त विमानाची भिंत.

आत येणारी हवा बहुतेक विमानांत थेट इंजिनातून घेतात. इंजिनाच्या पुढच्या भागातले पंखे विरळ हवा दाबतात, आणि दाबताना ती इतकी तापते की दोनशे अंशांच्या वर जाते. इंधन मिसळण्याआधीच त्यातली थोडी हवा वळवतात, थंड करतात आणि आपल्या डोक्यावरच्या फटींतून आत सोडतात. बोइंग ७८७ मध्ये हे काम विजेवर चालणारे कॉम्प्रेसर करतात. आतली निम्मी हवा ताजी असते, निम्मी पुन्हा फिरवलेली. पण ती फिरवलेली हवा शस्त्रक्रियागृहाच्या तोडीच्या गाळण्यांमधून जाते आणि दोन-तीन मिनिटांत सगळी बदलून जाते. शिवाय ती छतातून येते आणि त्याच रांगेच्या पायाशी निघून जाते, विमानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत नाही. तेव्हा ‘विमानातली कोंदट हवा’ या तक्रारीला फारसा अर्थ नाही. सर्दी लागली तर ती बहुधा शेजाऱ्याकडून नाही तर विमानतळावरच्या गर्दीतून येते. समोरचं फोल्डिंगचं टेबल एकदा पुसून घ्या, हात धुवा, एवढं पुरतं.

आता कुणी विचारेल, हवा दाबायचीच तर पूर्ण समुद्रसपाटीइतकी का दाबत नाहीत? कारण आतली हवा भिंतीला सतत बाहेर ढकलत असते. आहे त्याच दाबात दर चौरस मीटरला पाच-सहा टनांचं ओझं पडतं. आणखी दाबायची तर भिंती जाड करा, वजन वाढवा, इंधन जाळा. याच दाबामुळे उंचावर उडणाऱ्या विमानाचं दार कुणाच्या बापाला उघडता येत नाही. दोन चौरस मीटरच्या दारावर दहा-बारा टन रेलून बसलेले असतात. खिडकीशी बसलात तर काचेच्या खालच्या बाजूला टाचणीने पाडल्यासारखं एक बारीक भोक दिसेल. त्याच्या भोवती पुष्कळदा बर्फाची नाजूक नक्षी धरलेली असते. घाबरायचं नाही. काचेचे थर तीन असतात, आणि या भोकामुळे सगळा दाब सर्वांत बाहेरच्या थरावर येतो, मधला थर राखीव राहतो.

या डोंगरावर शरीर काय करतं? रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी खाली ९७-९८ टक्के असते, ती वर ९३-९४ वर येते. धडधाकट माणसाला कळतही नाही. पण २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. पाचशेवर माणसांना वेगवेगळ्या उंचीच्या दाबाच्या खोलीत वीस तास बसवून पाहिलं होतं. ७००० ते ८००० फुटांच्या दाबात तीन ते नऊ तासांनंतर माणसं जास्त कुरकुरू लागली. डोंगरावरचा आजार म्हणावा असं काही नाही, नुसतं अंग मोडल्यासारखं आणि थकल्यासारखं. प्रवासाने ‘उगाचच’ थकवा येतो म्हणतात, तो उगाच नसतो. बोइंगने नव्या विमानात ६००० फुटांचा दाब ठेवला, त्यामागे हा अभ्यास आहे.

दाब कमी झाला की वायू फुगतो. हे बघायला प्रयोगशाळा नको. हातातल्या पिशवीत चिवड्याचं हवाबंद पाकीट ठेवा आणि विमान वर गेल्यावर बाहेर काढा. पहूरच्या दुकानात सुरकुतलेलं होतं ते आता टम्म ढोल झालेलं असतं, टिचकी मारली तर वाजतं. आतला वायू जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढलेला असतो. आपल्या पोटात आणि आतड्यांतही वायू आहेच, त्याला काही वेगळा नियम नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशीचा पाहुणचार जरा सांभाळून. वरण-बट्टी, वर तूप, सोबत वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात, असा निरोपाचा बेत खान्देशात प्रेमाने होतो. त्या प्रेमाची जागा परत आल्यावर. हरभरा, मठ, कोबी, सोडावॉटर निघण्याआधी टाळा, आणि कंबरेला सैल कपडे घाला. उडण्याआधी खायला जळगावच्या केळ्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही; फक्त उरलेली केळी अमेरिकेच्या दारात काढून घेतात, तेव्हा ती विमानातच संपवा.

याच नियमाने ज्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया होऊन डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला आहे, त्यांनी विमानात पाऊल टाकू नये. तो बुडबुडा फुगला तर दृष्टी जाऊ शकते. पोटाची ताजी शस्त्रक्रिया असेल तरीही डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय जाऊ नये.

कानाचं गणित याहून गमतीचं. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरकडे येताना कुणाकुणाच्या कानाला दडा बसतो. विमानातही दडा उतरतानाच जास्त बसतो. कानाच्या पडद्यामागे एक छोटी हवेची कोठी असते, आणि ती एका नळीने घशाशी जोडलेली असते. चढताना आतली फुगलेली हवा त्या नळीतून आपोआप निसटते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, नळीचं मऊ तोंड त्यानेच मिटून जातं, आणि ते उघडायला घशाच्या स्नायूंनी ओढावं लागतं. गिळलं किंवा जांभई दिली की हे होतं. म्हणून विमान उतरायच्या अर्धा तास आधी झोपलेल्याला उठवा. झोपेत माणूस क्वचितच गिळतो. तोंडात आवळासुपारी किंवा बडीशेप ठेवा, तान्ह्याला त्या वेळी पाजा. तरी दडा सुटला नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा ढकलायची. ही युक्ती बोलोन्याच्या अंतोनिओ वाल्साल्वा या शरीरशास्त्रज्ञाने १७०४ साली कानावरच्या ग्रंथात लिहून ठेवली, तेव्हा माणूस फुग्यातूनही उडाला नव्हता. हलकेच हा शब्द मात्र महत्त्वाचा; जोर लावून पडदा दुखवू नका.

कोरड्या हवेची भीती खान्देशातल्या माणसाला कोण घालणार? मे महिन्यातली जळगावची दुपार आठवा. पारा ४४-४५ वर आणि हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या घरात. ओठ तडकतात, नाकात खपल्या धरतात. विमानातली आर्द्रताही दहा ते वीस टक्केच असते, फक्त तिथे ऊन नसतं, म्हणून ती लक्षात येत नाही. बाहेरच्या त्या अतिथंड हवेत बाष्प जवळपास नसतंच. मग आत जी काही दहा-वीस टक्के ओल आहे ती कुठून येते? आपल्या श्वासातून. तीनशे माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यावर विमानाची हवा थोडीफार ओलसर राहते. खुर्च्या रिकाम्या असतील तेवढी हवा आणखी कोरडी. शेजाऱ्याच्या श्वासाचे आभार मानावेत अशी जागा जगात दुसरी नसेल.

या कोरडेपणाने शरीरातलं पाणी आटून जातं, असं सगळीकडे सांगितलं जातं. तसं फारसं होत नाही. आठ तासांत नेहमीपेक्षा जास्त पाणी गेलं तरी ते शंभर-दीडशे मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धं फुलपात्र. सुकतात त्या ओल्या पातळ त्वचा: डोळे, नाक, घसा. म्हणून चष्मा असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, नाकाला आतून किंचित व्हॅसलीन किंवा तूप लावा, ओठांनाही. पाणी प्या, पण हंडाभर नको, तहानेपुरतं आणि थोडं जास्त. बऱ्याच बायका उलटं करतात. संडासला उठायला लागू नये, मधल्या सीटवरच्या परक्या माणसाला उठवायला लागू नये, म्हणून पाणीच पीत नाहीत. हा संकोच पुढे जे सांगणार आहे त्याच्याशी जोडलेला आहे, आणि तो महागात पडतो.

त्याआधी जेवणाचं. विमानातलं अन्न सपक लागतं म्हणून आचाऱ्याला शिव्या बसतात. म्युनिकजवळच्या फ्राउनहोफर संस्थेने २०१० साली एका जुन्या विमानाचा सांगाडाच दाबाच्या नळकांड्यात घालून माणसांना तिथे जेवू घातलं. विरळ कोरड्या हवेत खारट आणि गोड चव मंदावते, हे त्यात दिसलं. सुकलेल्या नाकाला वास कमी येतो आणि वास गेला की निम्मी चव गेली. त्यात इंजिनाचा अखंड घरघराट. मोठ्या आवाजात गोडाची जाण बोथट होते हेही दुसऱ्या प्रयोगांत आढळलं आहे. टोमॅटोची, शिजवलेल्या डाळीची खोल चव मात्र टिकून राहते. तिखटाचं तर निराळंच आहे. मिरचीची जळजळ जिभेच्या चवीच्या कळ्यांना कळत नाही, ती वेदना वाहणाऱ्या नसांना कळते. कोरड्या ठेच्याची डबी सोबत नेणारा खान्देशी माणूस उपजतच शहाणा म्हणायचा. पण मीठ जास्त झालं की पाय जास्त सुजतात, तेव्हा डबी चाटून पुसून नको.

आता पायांकडे येऊ. इथेच थोडा वेळ थांबायचं आहे.

विहिरीवर मोटर बसवताना पाइपाच्या तळाला फूटव्हॉल्व्ह लावतात. मोटर बंद झाली तरी वर चढलेलं पाणी खाली पडू नये म्हणून. आपल्या पायांच्या शिरांत असेच व्हॉल्व्ह जागोजाग आहेत. हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण तिथून मीटर-सव्वा मीटर वर परत आणण्याचं काम पोटऱ्यांचं. पोटरीचा स्नायू आवळला की आतली शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं, व्हॉल्व्ह मिटतो. चालणारा माणूस दर पावलाला ही मोटर चालवत असतो. बसला की मोटर बंद. रक्त शिरांत रेंगाळतं, पाणी झिरपून घोटे सुजतात आणि बूट घट्ट होतात. एवढ्यावर भागलं तर बरं. पण रेंगाळलेलं रक्त कधी कधी शिरेत गोठतं, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

हे विमानामुळे होतं असं समजू नका. १९४० साली लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते तेव्हा माणसं रात्र-रात्र तळघरांत आणि भुयारी स्टेशनांत घडीच्या आरामखुर्च्यांवर बसून काढत. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक डॉक्टरांच्या ध्यानात आलं की अशा माणसांत फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू आधीच्या वर्षाच्या सहापट झालेत. बॉम्बने नाही, बसण्याने. खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली रुतत होती. त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. विमानप्रवासाशी याची सांगड बॉस्टनच्या जॉन होमन्स यांनी १९५४ साली घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये याचा हिशेब मांडला. चार तासांहून जास्त प्रवास केला की गुठळीचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि हा धोका विमानाइतकाच मोटारीत, बसमध्ये आणि रेल्वेतही असतो. घाबरून जाऊ नका. निरोगी माणसांत साधारण ६००० जणांमागे एक एवढंच त्याचं प्रमाण. पण मूळ मुद्दा बसून राहण्याचा आहे, उडण्याचा नाही.

आणि म्हणूनच पहूरच्या माणसाचा हिशेब मुंबईच्या माणसापेक्षा वेगळा आहे. मुंबईकराचा प्रवास विमानाच्या दारात सुरू होतो. पहूरकराचा सुरू होतो तो फाट्यावर. जळगावपर्यंत चाळीसेक किलोमीटर गाडीत. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर, म्हणजे सहा-सात तास. रस्त्याने गेलं तर आणखी जास्त, आणि मध्ये कसारा घाटात कोंडी झाली तर विचारू नका. दादरला किंवा कल्याणला उतरून टॅक्सी. तीन तास आधी हजर राहायचं, म्हणून धास्तीने पाच तास आधी जाऊन विमानतळाच्या खुर्चीत. मग पंधरा-सोळा तासांचं विमान. तिकिटावर छापलेले तास फक्त शेवटचे. पोटऱ्यांच्या हिशेबात हे सगळे मिळून एका दिवसाच्या वर जातात, आणि विमानात चढायच्या आधीच निम्मं बसून झालेलं असतं. जळगावच्या कुसुंब्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान मिळालं तर बरेच तास वाचतात. नाही मिळालं तर एक दिवस आधी निघून मुंबईत पाहुण्यांकडे रात्र काढा, पाठ टेका, सकाळी चक्कर मारा. आपले पाहुणे कल्याण-डोंबिवलीपासून बोरिवलीपर्यंत पसरलेले आहेत ते अशाच वेळी कामी येतात.

रेल्वेत असाल तर मनमाड, नाशिकला फलाटावर उतरून पाय मोकळे करा. विमानात तासा-दीड तासाने उठा. मागच्या बाजूला, जिथे हवाईसुंदऱ्यांचा चहापाण्याचा कोपरा असतो, तिथे उभं राहून टाचा वर उचलायच्या आणि खाली टेकवायच्या, वीस वेळा. त्यात लाजायचं काय? तिथे नेहमी दोन-चार जण हेच करत असतात. उठता येत नसेल तर बसल्या जागी टाच टेकवून पंजा वर ओढा, मग पंजा टेकवून टाच उचला. अधूनमधून दीर्घ श्वास घ्या. पायावर पाय टाकून तासन्‌तास बसणं आणि झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच स्थितीत पडणं, दोन्ही टाळा. खिडकीची जागा बघायला छान, पण खिडकीशी बसणारे उठत नाहीत. साठी ओलांडलेल्यांनी कडेची जागा घ्यावी. शेवटी पाणी उपयोगी पडतं ते असं: जो पाणी पितो त्याला उठावंच लागतं.

एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. फार उंच माणसांना धोका असतो हे पटतं, पण १६० सेंटिमीटरहून बुटक्या माणसांनाही विमानात तो जास्त असल्याचं दिसून आलं आहे. कारण त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतते. लंडनच्या त्या आरामखुर्चीचीच ही गोष्ट. आपल्याकडच्या कितीतरी आया-मावश्या याच उंचीच्या. त्यांच्या पायाखाली हातातली पिशवी किंवा गुंडाळलेली चादर सरकवा. एवढं करायला पैसा लागत नाही.

पोटऱ्यांवर दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे औषधांच्या दुकानात मिळतात. कोक्रेन संस्थेने अशा मोज्यांच्या चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत २६३७ प्रवासी होते. लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्या ५० जणांना झाल्या. त्यांतले मोजे घातलेले तीन, न घातलेले ४७. आधी कधी गुठळी झालेली, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली, गरोदर, बाळंतीण, कर्करोगाचे उपचार चालू असलेली माणसं यांनी डॉक्टरांना विचारून मोजे जरूर घ्यावेत. मापाचे हवेत, नाही तर फायदा कमी आणि काचणं जास्त. कुणी सांगितलं म्हणून ॲस्पिरिनची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका.

सातपुड्याच्या कुशीतल्या वाचकांसाठी आणखी एक. नंदुरबार, धुळे, जळगावच्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. या आजारात ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. नुसत्या वाहकाला प्रवासी विमानात सहसा काही होत नाही. पण प्रत्यक्ष आजार असेल, किंवा रक्तात हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तर कळसूबाईच्या वरची ती हवा जड जाऊ शकते. तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना भेटा. गरज असल्यास विमान कंपनीला आधी कळवून ऑक्सिजनची सोय करता येते. हृदयाचे आणि दम्याचे रुग्णही यातच आले. इन्शुलिन आणि रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. खाली टाकलेल्या बॅगेत इन्शुलिन गोठू शकतं, आणि बॅग चुकून शिकागोला गेली तर काय?

राहिलं घड्याळ. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. अठ्ठावन्न दिवस. वाटेत त्यांच्या अंगाला त्रास काय कमी झाला नसेल, पण एक त्रास त्यांना झाला नाही. दोन शहरांच्या सूर्यवेळेत पावणेअकरा तासांचं अंतर. ते अठ्ठावन्न दिवसांत वाटलं तर रोज अकरा मिनिटं. शरीराला याची चाहूलही लागत नाही. आपण जवळपास तेच अंतर एका रात्रीत ओलांडतो.

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. झोप, भूक, अंगाची ऊब, सगळ्यांची वेळ तो ठरवतो, आणि स्वतःची वेळ डोळ्यांत येणाऱ्या उजेडावरून जुळवून घेतो. एका दिवसात तो तास-दीड तासच सरकतो. म्हणून न्यू जर्सीत उतरलेले आप्पा पहिला आठवडा रात्री दोनला उठून अंधारात चहा शोधत असतात. त्यांच्या अंगाला जळगावची भर दुपार वाटत असते. या पुंजक्याचा स्वाभाविक दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा आहे, त्यामुळे त्याला मागे रेटणं सोपं आणि पुढे ओढणं जड. पश्चिमेला जाताना त्रास कमी आणि परत येताना जास्त, याचं कारण हेच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरल्यावर दुपारपासून संध्याकाळपर्यंत घराबाहेर उजेडात फिरा, नातवंडाची गाडी ढकलत का होईना. दुपारी झोप अनावर झालीच तर अर्धा तास, गजर लावून. जेवण तिथल्या वेळेला. पडद्याआड पडून राहिलात तर घड्याळाला कुणी काही सांगतच नाही. दारू घेतल्याने झोप लागते पण टिकत नाही, हेही जाता जाता.

घरी परतलात, बॅगा उघडल्या, शेजारीपाजारी चॉकलेटं वाटून झाली, की प्रवास संपला असं वाटतं. गुठळीचा धोका मात्र पुढे महिना-दोन महिने थोडा टिकून असतो. दोन्ही घोटे सारखे सुजले असतील तर ते चालण्याने उतरतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखून गरम लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर घरचा काढा, मालिश काही नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, की मी लांबच्या विमानप्रवासातून आलोय.